पाच सेंटीमीटरचा नियम : गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा एक इतिहास

गुदाशयाच्या खालच्या भागातील कर्करोग काढताना मलविसर्जनावर ताबा ठेवणारा स्नायू, म्हणजे स्फिंक्टर, राखावा की काढावा, हा विसाव्या शतकातील शल्यशास्त्रात दीर्घकाळ वादाचा विषय होता. त्याचा निर्णय शल्यविशारदाच्या हस्तकौशल्याइतकाच, किंबहुना अधिक, रोग कसा पसरतो याविषयीच्या धारणेवर अवलंबून राहिला.

लंडनचे शल्यविशारद विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी केवळ गुदद्वाराच्या बाजूने शस्त्रक्रिया केलेल्या ५७ रुग्णांपैकी ५४ जणांना रोग पुन्हा झाला. रोग लसीकावाहिन्यांतून वर, बाजूला आणि खाली अशा तिन्ही दिशांनी पसरतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९०८ मध्ये त्यांनी पोट व गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी शस्त्रक्रिया करून स्नायूसह संपूर्ण गुदाशय काढण्याची पद्धत मांडली. पहिल्या १२ रुग्णांपैकी ५ दगावले. जे वाचले त्यांना पोटावरील कृत्रिम मलमार्ग, म्हणजेच कोलोस्टोमी, कायमची स्वीकारावी लागली. त्वचेला चिकटणारी पिशवी तेव्हा नव्हती. तिची कल्पना डॅनिश परिचारिका एलिसे सोरेन्सेन यांना १९५४ मध्ये, आपल्या बहिणीचे हाल पाहून सुचली. तोवर पट्टे, कापडाच्या घड्या आणि दुर्गंधीची धास्ती यांच्यासह दिवस काढणे रुग्णाच्या वाट्याला आले. यशाच्या आकड्यांत ही बाजू मोजली जात नसे.

माइल्स यांच्या उपपत्तीतील 'खाली' ही दिशा मात्र पुराव्यावर टिकली नाही. लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी काढलेल्या गुदाशयांची पद्धतशीर तपासणी केली. गोलिगर व बसी यांच्यासह त्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही खालच्या दिशेचा प्रसार विरळाच आढळला. दरम्यान १९४८ मध्ये मेयो क्लिनिकचे क्लॉड डिक्सन यांनी स्नायू राखून केलेल्या ४०० शस्त्रक्रियांचा वृत्तांत दिला होता, मृत्युप्रमाण २.६ टक्के होते. तरीही गाठीखाली पाच सेंटीमीटर निरोगी भाग काढलाच पाहिजे, हा दंडक कायम राहिला. गाठ गुदद्वाराजवळ असेल तर एवढे अंतर मिळणार कोठून? सावधगिरीसाठी घातलेली मर्यादाच अनेकांचा स्नायू जाण्यास कारण ठरली.

१९८३ मध्ये विल्यम्स, डिक्सन (हे दुसरे) व जॉन्स्टन यांनी ५० नमुने तपासले. ३८ नमुन्यांत गाठीखाली आतड्याच्या भिंतीत प्रसार नव्हता, ७ मध्ये तो एक सेंटीमीटरच्या आत होता. केवळ ५ मध्ये त्याहून अधिक होता, आणि ते सर्व रोग फार पुढे गेलेले रुग्ण होते. त्याआधी वर्षभर, १९८२ मध्ये, बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या आवरणाकडे, म्हणजे मेसोरेक्टमकडे, लक्ष वेधले होते. ते अखंड निघाले नाही तर रोग ओटीपोटात परततो, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रश्न खालच्या लांबीपेक्षा भोवतालच्या घेराचा होता. आतड्याचा जोड थेट गुदद्वाराशी घालण्याचे तंत्र अ‍ॅलन पार्क्स यांनी १९७२ मध्येच मांडले होते. पुढे १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या शिसेल यांनी आतला स्नायू काढून बाहेरचा राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

परंतु स्नायू राखणे म्हणजे ताबा राखणे नव्हे. वारंवार शौचास जावे लागणे, घाई, गळती हे त्रास अनेकांच्या मागे राहतात. त्यांचे मोजमाप करणारी पाच प्रश्नांची गुणपद्धती डेन्मार्कमधील एमर्टसेन व लाउरबर्ग यांनी २०१२ मध्ये सिद्ध केली. ४२ पैकी ३० वा अधिक गुण म्हणजे तीव्र त्रास. तो असह्य झाल्यास काही रुग्ण पुढे कोलोस्टोमी स्वतःहून स्वीकारतात.