सुरतेची दारू आणि अबकारीचा पहारा

इंग्लंडमध्ये 1872 च्या कायद्याने रस्त्यावर झिंगून पडणे हा दंडनीय गुन्हा ठरवला आणि गावचा शिपाई दारुड्याच्या मागे लागला. सुरत जिल्ह्यात मात्र 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर, म्हणजे मादक पदार्थांवरील कराच्या नव्या व्यवस्थेनंतर, पहारेकऱ्याची नजर पिणाऱ्यापेक्षा गाळणाऱ्याच्या चुलीवर खिळली. चोधरी, गामित, धोडिया या आदिवासींच्या घरी मोहाची फुले आंबवून दारू गाळली जाई व ती देवकार्यातही लागे. तीच आता चोरटी ठरली, ताडीच्या झाडांवर कर बसला आणि परवानाधारक दुकाने बहुतांशी पारशांच्या हाती गेली. उधारीच्या पिण्यातून जमिनी गहाण पडल्या, हा या व्यवस्थेचा सर्वांत क्रूर भाग होय. 1922 मध्ये पालघर किनाऱ्यावरील कोळ्यांकडून निघालेली, देवी अंगात येण्याची लाट नोव्हेंबरात सुरत जिल्ह्यात पोहोचली. अंगात आलेल्यांच्या मुखातून देवीने दारू-ताडी सोडण्याची, रोज स्नान करण्याची आणि पारशी दुकानदारांवर बहिष्कार घालण्याची आज्ञा केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या पिणाऱ्या गावांनी, कोणत्याही शिपायाच्या धाकाविना, ती पाळली.