खडा नसलेल्या गावात

पायातले बूट काढून ठेवा. ते शिवणाऱ्याचा पणजोबाही अजून जन्मलेला नाही. आता अनवाणी पाय खाली टेकवा आणि बोटं फाकवून बघा, काय लागतं ते. मऊ, गार, काळी माती. इथंतिथं भेगा पडू लागल्यात. 1868 च्या सुमाराचा माघ चालू आहे, पूर्णा नदी डावीकडे आहे आणि दर्यापूर अजून दोन कोस लांब. पहाटेची थंडी कानात शिरते. गावाकडून शेणाचा आणि पऱ्हाट्या पेटवल्याचा धूर येतो, त्यानं डोळे चुरचुरतात.

आणि कुत्रं आलं. तुम्ही अनोळखी, तुमच्या अंगाला साबणाचा वास, ते येणारच. तुम्ही सवयीनं वाकता, हात जमिनीवर फिरवता, आणि हातात येतं ते ढेकूळ. तुम्ही फेकता, ते हवेतच फुटतं. पुन्हा वाकता, पुन्हा ढेकूळ. साऱ्या शेतात एक खडा नाही. कुत्र्याला हे तुमच्याआधी ठाऊक आहे, म्हणून ते मागे हटत नाही. निमूट चालायला लागा.

उत्तरेला सातपुडा आहे, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आहेत, दोन्हीकडे काळा पाषाण हवा तेवढा. मधल्या या पट्ट्यात मात्र पूर्णेनं शेकडो फूट जाडीचा गाळ आणून ओतलाय. विहीर खणली तर पाणी खारट लागतं, आणि पाण्याआधी दगड काही लागत नाही. म्हणून घरं पांढऱ्या मातीची, धाबंही मातीचं. गावात जो दगड दिसेल तो कुणीतरी बंडीत घालून, बैलांचे खांदे सोलवटून आणलेला असतो. मला वाटतं, दगडाची खरी किंमत कळायला डोंगरात राहून उपयोग नाही, इथंच यावं.

एका दारातून घरघर ऐकू येते. आत डोकवा.

"कोन्या गावचे वो तुमी? बसा नं, उभे कायले राह्यले?" आजी हात न थांबवता विचारते. शेजारी तिची सून बसलीय. दोघींचे हात एकाच खुंट्यावर आहेत आणि ओवी एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जाते आहे. सून उठते, तिची जागा तुम्हाला मिळते. एक पाय लांब करा, दुसरा मुडपा, खुंटा घट्ट धरा. पहिले चार वेढे सोपे जातात. दहाव्याला दंड भरून येतो. विसाव्याला कळतं की सगळ्या घराची भाकर या दोन वर्तुळांतून बाहेर पडते आणि दुसरा रस्ता नाही. आजी मुठीनं ज्वारी घालते, कडेनं पीठ झरतं. त्यात बोटं घाला. पीठ गरम आहे. या थंडीत त्याच्याइतकं सुखाचं काही नाही, आणि त्याचा तो गोडसर, किंचित भाजका वास घरभर पसरलाय.

पण पीठ जाडं पडतंय. आजी कुरकुरते, "दात गेले त्याचे." दात जात्याचे. दगड दगडावर घासून गुळगुळीत झालाय, दाणा चिरडत नाही, नुसता सरकतो. तेवढ्यात बाहेर हाळी येते. टाकणकार आलाय. वरची तळी उचलून अंगणात उताणी ठेवतात. तो उकिडवा बसतो, एका हातात टाकी, दुसऱ्यात हातोडी. टक टक टक टक. बारीक खाचा मध्यापासून कडेकडे उमटत जातात. ठिणगी उडते तेव्हा जळक्या दगडाचा वास येतो, कोरडा, नाकाच्या शेंड्यावर बसणारा. जवळ वाकू नका, कपरी डोळ्यात जाईल. त्याच्या मनगटावर अशा कपऱ्यांचे काळे ठिपके कायमचे रुतलेत. गावोगाव फिरून जात्यांना दात लावायचे हाच या माणसांचा धंदा, त्यावरूनच त्यांना टाकणकार म्हणतात. सरकारी कागदांत पुढं त्यांच्या जातीला चोर ठरवलं गेलं. हा माणूस सुपात ज्वारी घेतो, कपाळाला लावतो आणि शेजारच्या दारी जातो. साऱ्या गावाच्या भाकरीची चव त्याच्या मनगटात आहे, हे विसरू नका.

घरात आणखी दगड मोजा. पाटा. वरवंटा. मिठाच्या मडक्यावरची चीप. एवढेच. पण एकेकाला किती कामं! हाच वरवंटा मिरची वाटतो आणि बारशाला धुऊन, कुंची घालून पाळण्यात झोपतो, मागं बाळ दगडासारखं टिकावं ही आस. लग्नात पहिली हळद याच जात्यावर दळतात, तेव्हा त्याला सुपारी-हळकुंड बांधतात. आणि शेवटी मडकं फोडायला एक खडा लागतो, तो जीवखडा. दहा दिवस त्यालाच तिलांजली द्यायची, तोच गेलेला माणूस. "थो बी दुरून आनावा लागते," आजी म्हणते. मरणासाठीसुद्धा गावात खडा नाही.

आता बंडीत चढा. कापूस भरलाय, वर चढून रुतून बसा. अमरावतीला पोचायला रात्र जाईल. कापसाचे तंतू नाकात जातात, शिंका येतात, आस करकरतो, बैलांच्या घंटा वाजतात, मागंपुढं अशाच बंड्यांची रांग. चाक मातीतून मुक्यानं चालत राहतं. पहाटे कधीतरी खालून खडखड ऐकू येते आणि तुमचे दात एकमेकांवर आपटतात. मुरूम लागला. अमरावती आली.

रस्त्याच्या कडेला वडारांची पालं आहेत. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून दगड वाहतायत, पुरुष घण घालतायत. छिन्नीनं एका ओळीत भोकं पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या, मग एकेका पाचरीवर घाव. बराच वेळ काही होत नाही. अचानक आतून आवाज येतो आणि हातभर जाडीचा पाषाण सरळ रेषेत दुभंगतो. त्या ताज्या फटीवर तळहात ठेवा. ही जागा कोट्यवधी वर्षांपूर्वी वितळलेल्या रसाची होती. थंड झाल्यापासून तिला कुणी शिवलेलं नाही, तुम्ही पहिले.

मग खोलापुरी दरवाजा आणि परकोट. वीस-पंचवीस फूट उंच, सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. पेंढाऱ्यांच्या भीतीनं सावकारांसाठी बांधलेला. सकाळची उन्हं त्या दगडानं पिऊन घेतलीत, भिंतीला टेकलात तर पाठ शेकून निघते. दरवाज्यात चेंगराचेंगरी आहे. बैलांचं मूत, तळणाचं तेल, घाम, तंबाखू, सगळं एकदम नाकात येतं.

कापसाच्या बाजारात मापारी उभा आहे. "लाभऽऽ!" तो ओरडतो. एक म्हणायचं नाही, पहिल्या मापाला लाभ म्हणायचं. मग दोन, तीन. ताजव्याच्या एका पारड्यात कापसाचं बोचकं, दुसऱ्यात दगड. वजनाचेच दगड, घासून-पुसून, शेंदराची खूण केलेले. दांडी कलती असेल तर हलक्या पारड्याला एक बारका दगड बांधतात, तो पासंग. शेतकरी कापसाकडे पाहत नाही, त्याची नजर पासंगावर असते. तुम्हीही तिकडेच पाहा.

पलीकडे मुंबईच्या कंपनीचा कारकून वही उघडून बसलाय. बडनेऱ्याला आगगाडी आल्यापासून असे पुष्कळ येतात. त्याची मुंबईची कापसाची खंडी 784 पौंडांची, मण 28 पौंडांचा. साहेबाच्या देशातही वजनाला दगडच म्हणतात, स्टोन. लोकर तोलायचा दगड, गावागावाला वेगळा, आपल्या शेरासारखाच. 1835 साली कायद्यानं तो 14 पौंडांचा केला. म्हणजे मुंबईचा मण बरोबर दोन स्टोन आणि ही खंडी छप्पन्न. त्यांच्या जुन्या भाषेत हा शब्द 'स्टान' होता. धोंडा, अंगठीतला खडा, मूत्राशयातला खडा, सगळ्याला तोच. आपल्या 'खडा'सारखा तोही हिऱ्यापासून मुतखड्यापर्यंत फिरतो. अभ्यासक त्याचं मूळ गोठणं, घट्ट होणं या अर्थाच्या धातूपाशी नेतात आणि संस्कृतातला 'स्त्यान', म्हणजे थिजलेला, त्याच कुळात बसवतात. वडाराच्या पाचरीखाली तुम्ही ज्याला हात लावलात त्या पाषाणाला हे नाव शोभतं. तो खरोखरच थिजलेला रस आहे.

पण आजीनं वरवंटा आणायला सांगितलाय. जुन्याला मधोमध चीर गेलीय. पाथरवट भिंतीच्या सावलीत बसलाय, पुढ्यात पाटे, वरवंटे, खल. त्यातला एक उचला.

"वाजवून पाहा नं," तो म्हणतो.

दुसऱ्या दगडावर टेकवा. बद्द आवाज आला तर परत ठेवा, आत भेग आहे. दुसरा घ्या. हा खणखणला. तळव्यावरून फिरवा, कुठं खळगा लागत नाही ना? लागत असेल तर त्यात मिरचीची बी अडकेल आणि आजी तुम्हाला सुनावेल.

"दोन पायल्या ज्वारी," तो म्हणतो.

"दीड," तुम्ही म्हणता.

"दर्यापूरकडचे का? तिकडं तं खडा बी नाही भेटत." तो हसत नाही, त्याला बाजारभाव पाठ आहे. "दोनच लागतीन."

मोजून द्या.

"आन् पह्यल्यांदा त्याच्यावर नुसता कोंडा वाटजा," तो मागून ओरडतो, "कचर निंगून जाईन. मंग मिरची!"