क्ले शूटिंगसाठी पहिली सेमी-ऑटो शॉटगन कशी निवडायची?

शूटिंग म्हटलं की आपल्याला आठवतो कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे आणि त्याचं पॅरिस २०२४ मधलं ब्राँझ. पण ते रायफल शूटिंग. तिथे लक्ष्य जागेवर असतं, नेमबाज स्थिर असतो आणि प्रत्येक वेळी एकच गोळी जाते. क्ले शूटिंगमध्ये तबकडी हवेत उडत असते आणि तुम्ही तिच्यामागे बंदूक फिरवत छऱ्यांचा एक झुबका सोडता. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी ज्या डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं, तो याच कुटुंबातला खेळ.

अमेरिकेत हा खेळ अगदी सहज खेळता येतो. ऑफिसच्या टीम आऊटिंगला कोणीतरी रेंजवर घेऊन जातं, भाड्याच्या बंदुकीने दहा-बारा तबकड्या फुटतात आणि परतताना गाडीतच विषय निघतो, 'स्वतःची घ्यायची का?' हा लेख त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी आहे. भारतात शस्त्र परवान्याचे नियम वेगळे आणि बरेच कडक आहेत. इथे शिकायचं असेल तर बंदूक सोडा, आधी तुमच्या राज्याच्या रायफल असोसिएशनला गाठा.

आधी व्हिसा बघा, मग बंदूक

हा मुद्दा दुकानदार सांगेलच असं नाही, म्हणून तो सगळ्यात वर ठेवलाय. अमेरिकेत तुम्ही एच-१बी, एफ-१ किंवा दुसऱ्या कुठल्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल, तर तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळात बंदी आहे. 'जवळ बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नाही. मित्राची बंदूक हातात धरली तरी ते त्यात येऊ शकतं. या बंदीला काही अपवाद आहेत. त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

शिकार करायची नसली तरी हे लायसन्स काढतात, मीही टेक्सासचं काढलंय. तिथे २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तो कोर्स खरंच चांगला आहे. पण लक्षात ठेवा, टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला नवीन काढलेलं नसेल आणि बंदूक घरात असेल, तर त्या दिवशी तुम्ही केंद्रीय गुन्हा करताय. याची शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि डिपोर्टेशनचा धोका वेगळाच. माझ्या कॅलेंडरमध्ये याचे तीन रिमाइंडर आहेत. राज्याराज्यांचे नियम बदलतात, त्यामुळे विकत घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकाच.

कुठला खेळ खेळणार?

तीन मुख्य प्रकार आहेत. ट्रॅपमध्ये तबकडी तुमच्यासमोरून दूर जाते, अमेरिकन ट्रॅपमध्ये ताशी ६५-७० किलोमीटरच्या वेगाने. स्कीटमध्ये डाव्या-उजव्या दोन घरांमधून तबकड्या आडव्या येतात आणि तुम्ही अर्धवर्तुळावर जागा बदलत जाता. स्पोर्टिंग क्लेजमध्ये जंगलवाटेवर दहा-बारा थांबे असतात आणि प्रत्येक थांब्यावर वेगळा कोन. नाव क्ले असलं तरी तबकडीत चिकणमाती नसते, डांबरासारखा पिच आणि चुनखडी असते. अमेरिकन तबकडीचा व्यास सुमारे १०८ मिलिमीटर.

पहिल्या वर्षी बहुतेक लोक तिन्ही करून बघतात. म्हणून पहिली बंदूक 'सगळ्याला चालेल' अशी हवी, आणि सेमी-ऑटो त्यात बसते. दोन नळ्यांची ओव्हर-अंडर दिसायला देखणी, यंत्र म्हणून साधी आणि ऑलिंपिकमध्ये तीच दिसते. पण चांगली ओव्हर-अंडर महाग असते आणि तिचा धक्का सगळाच्या सगळा तुमच्या खांद्याला येतो.

आत नेमकं काय घडतं?

सेमी-ऑटो म्हणजे एकदा ट्रिगर दाबला की एकच बार उडतो, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप आत बसतं. हे काम करायला ऊर्जा लागते. ती कुठून घ्यायची, यावरून आजच्या बंदुकांचे दोन गट पडतात.

पहिला गॅसवाला. नळीला खालून बारीक छिद्रं असतात. छरे पुढे जाताना मागचा थोडा गॅस त्या छिद्रांतून खाली येतो, पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन बोल्टला मागे नेतो. बोल्ट मागे जाताना पुंगळी काढतो, स्प्रिंग त्याला परत पुढे आणते आणि येताना तो नवीन काडतूस घेऊन येतो. १९६३ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ११०० ने हा प्रकार क्ले शूटिंगमध्ये लोकप्रिय केला.

दुसरा इनर्शियावाला. बेनेली कंपनी यासाठी ओळखली जाते. बार उडाला की अख्खी बंदूक मागे सरकते, पण आतला जड बोल्ट क्षणभर जागेवरच राहतो. एसटीने एकदम वेग घेतला की आपण मागे राहतो ना, तसंच. त्या क्षणात बोल्टमधली एक कडक स्प्रिंग दाबली जाते आणि मग तीच बोल्टला मागे फेकते. भाग कमी, आत काजळी कमी, वजन कमी.

कागदावर इनर्शिया जास्त सुबक डिझाइन आहे, इंजिनीअर म्हणून मला तेच आवडतं. तरी क्लेसाठी पहिली बंदूक म्हणून मी गॅसवालीच घ्या म्हणेन. कारण धक्का.

धक्क्याचं गणित

बारावीचा संवेगाचा नियम पुरेसा आहे. ३२ ग्रॅम छरे सेकंदाला ३६६ मीटर वेगाने निघाले तर त्यांचा संवेग होतो ११.७. बंदूक ३.४ किलोची असेल तर ती सेकंदाला सुमारे ३.४ मीटर वेगाने मागे येईल, म्हणजे साधारण २० ज्यूल ऊर्जा खांद्यावर. वॅड आणि गॅस धरला तर आकडा अजून वाढतो, पण तुलनेसाठी एवढं ठीक आहे.

आता फक्त काडतूस बदला. त्याच वेगाचे २८ ग्रॅम छरे घेतले तर ऊर्जा येते १५ ज्यूलच्या आसपास. एक पैसा न खर्च करता जवळजवळ पाव धक्का कमी! आणि तेच २८ ग्रॅमचं काडतूस ३ किलोच्या हलक्या बंदुकीत टाकलं तर परत साडेसतरा ज्यूल. हलकी बंदूक दुकानात हातात घेताना छान वाटते. शंभराव्या बाराला खांदा वेगळंच सांगतो.

गॅसवाली बंदूक संवेग कमी करत नाही, न्यूटनला कोणी चुकवू शकत नाही. ती तोच धक्का जास्त वेळात पसरवते. फोन फरशीवर पडला आणि मऊ कव्हरसकट पडला, यात जो फरक आहे तोच. संवेग तितकाच, पण थांबायला वेळ जास्त मिळाला की सर्वोच्च बल कमी होतं.

याला इतकं महत्त्व का? नवीन माणसाचा मेंदू धक्का फार लवकर शिकतो. काही शेकडा बार जोरात बसले की ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी खाली जाते. याला फ्लिंच म्हणतात. एकदा लागला की तो घालवायला महिने जातात, आणि बरेच जण कंटाळून खेळच सोडतात.

इथेच एक गैरसमज. बारीक चणीच्या मुलींना किंवा मुलांना दुकानात हमखास २० गेज दाखवतात, 'लहान आहे, धक्का कमी' म्हणून. हिशोब करून बघा. २.८ किलोच्या २० गेजमधून त्याच वेगाने २५ ग्रॅम छरे गेले तर सुमारे १५ ज्यूल. तेच २५ ग्रॅम ३.४ किलोच्या १२ गेजमधून गेले तर सुमारे १२. म्हणजे जड १२ गेज आणि हलकं काडतूस ही जोडी जास्त सौम्य आहे, फक्त ते वजन शंभर बार पेलता आलं पाहिजे. घेण्याआधी एवढंच विचारा की ती बंदूक इतकं हलकं काडतूस अडखळल्याशिवाय फिरवते का. सगळ्या फिरवत नाहीत, आणि इनर्शियावाल्या त्यात जास्त नखरे करतात.

फिटिंग: स्पेसिफिकेशन शीटमध्ये न दिसणारी गोष्ट

रायफलला मागे-पुढे दोन साइट असतात. शॉटगनला मागची साइट म्हणजे तुमचा डोळा. गाल दस्त्यावर जिथे टेकतो त्यावर डोळ्याची उंची ठरते आणि त्यावर छरे कुठे जाणार ते. म्हणून न बसणारी तीन हजार डॉलरची बंदूक ही बसणाऱ्या हजार डॉलरच्या बंदुकीपुढे हरते.

दुकानात आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्या, विक्रेत्याने आणि तुम्ही, दोघांनी. सुरक्षित दिशा विचारून घ्या. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ आणि किंचितच दिसली पाहिजे. नुसता मागचा धातूचा भाग दिसत असेल तर दस्ता तुमच्यासाठी खाली आहे. पट्टी चढावरच्या रस्त्यासारखी लांबच लांब दिसत असेल तर वर आहे. नाक आणि ट्रिगरच्या हाताचा अंगठा यांत दोन बोटांचं अंतर असावं. कोपरात दस्ता ठेवून लांबी मोजायची जुनी युक्ती सोडून द्या, तिचा बंदूक खांद्याला लावण्याशी काही संबंध नाही.

बऱ्याच सेमी-ऑटोंसोबत दस्त्याच्या मुळाशी बसवायच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, येतात. त्यांनी दस्ता वर-खाली आणि डावा-उजवा करता येतो. ही सोय असलेलीच घ्या.

डोळ्याची चाचणी घरी करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्यातून भिंतीवरचं स्विच बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला स्विच दिसत राहतं तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हाताचे असून डावा डोळा प्रबळ निघाला तर खरेदीच्या आधी प्रशिक्षकाशी बोला. काही जण डाव्या काचेवर टेपचा छोटा ठिपका लावतात, काही सरळ डाव्या खांद्यावर जातात, आणि डाव्या खांद्यावर गेलात तर बंदूकही डावखुऱ्यांची लागते.

नळी, चोक, काडतूस

नळी २८ किंवा ३० इंची घ्या, वाद घालण्यात वेळ घालवू नका. चेंबर ३ इंची पुरे. साडेतीन इंची चेंबर मोठ्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी असतो, हलक्या क्ले काडतुसांना तो उलट त्रासदायक ठरू शकतो.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचा स्क्रूवाला आकुंचित भाग. बागेच्या पाइपच्या तोंडावर बोट ठेवून धार बदलतो तसं. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात फुल चोक साधारण ७० टक्के छरे ठेवतो, मॉडिफाइड ६०, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर ५०. स्कीटला मोकळा, ट्रॅपला घट्ट, आणि स्पोर्टिंगला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर लावून विसरून जा. छरे साडेसात किंवा आठ नंबरचे.

पैसे

स्टोगरची एम ३००० सारखी इनर्शियावाली स्वस्तात मिळते. बेरेटाची ए३०० अल्टिमा ही गॅसवाली साधारण हजार डॉलरच्या आसपास, आणि त्याच कंपनीची ए४०० एक्सेल त्याच्या दुपटीच्या घरात. मला पहिल्या बंदुकीसाठी मधली पायरी पटते. जुनी रेमिंग्टन ११०० चांगल्या स्थितीत मिळाली तरी हरकत नाही. तिच्यात गॅस अडवणारं एक रबरी ओ-रिंग असतं, ते चिरलं की बंदूक अडखळते. ते अगदी किरकोळ किमतीत मिळतं, दोन जास्तीचे बॅगेत टाकून ठेवा.

खरा खर्च काडतुसांचा. समजा २५ काडतुसांचा बॉक्स १० डॉलरला पडला आणि तुम्ही दर रविवारी चार बॉक्स उडवले, तर २५ रविवारांत हजार डॉलर गेले. रेंजची फी वेगळी. त्यामुळे बजेट आखताना बंदुकीवर सगळं संपवू नका. कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण, आणि प्रशिक्षकाचे तीन-चार तास यासाठी पैसे बाजूला ठेवा.

रेंजवर पहिल्या दिवशी

ओव्हर-अंडर मोडून हातावर घेतली की ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. सेमी-ऑटोचं तसं नाही, म्हणून तिच्याकडे लोक जरा संशयाने बघतात आणि ते बरोबरच आहे. तुमची पाळी नसेल तेव्हा बोल्ट मागे अडकवलेला आणि चेंबरमध्ये रंगीत प्लॅस्टिकचा फ्लॅग. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. चेंबर रिकामं दिसलं तरी खालच्या मॅगझिनमध्ये काडतूस असू शकतं, तिथे बोट घालून तपासा. बोल्ट सोडायचं बटण दाबताना अंगठा आत ठेवू नका, तो बोल्ट दयामाया दाखवत नाही.

ट्रॅपला एका वेळी एकच काडतूस भरायचं. आणि तुमची पुंगळी उजवीकडे उडते, थेट शेजारच्या माणसाच्या अंगावर. ती अडवणारा शेल कॅचर थोडक्या पैशात मिळतो. तो बंदुकीसोबतच घ्या.