शब्दशः सत्य आणि खोट्या साक्षीचा आरोप

दिवाणी चौकशीतील जबानीवरून खोट्या साक्षीचा आरोप आला असता ‘उत्तर शब्दशः खरे होते’ हा बचाव अमेरिकेत ग्राह्य धरला जातो. त्याला निर्णायक रूप मिळाले ते ब्रॉन्स्टन खटल्यात. चित्रपटनिर्माते सॅम्युअल ब्रॉन्स्टन यांच्या कंपनीच्या दिवाळखोरीची चौकशी १९६६ साली चालली होती. स्विस बँकेत त्यांचे स्वतःचे खाते कधी होते काय, असे धनकोंच्या वकिलाने विचारले. कंपनीचे खाते झुरिच येथे सुमारे सहा महिने होते, असे उत्तर त्यांनी शपथेवर दिले. ते खरे होते. परंतु जिनीव्हा येथील स्वतःच्या जुन्या खात्याविषयी त्यांनी मौन पाळले. खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १० जानेवारी १९७३ रोजी एकमताने तो निर्णय फिरविला. उत्तरातील पळवाट ओळखून नेमका प्रश्न पुन्हा विचारणे हे वकिलाचे कर्तव्य होय, असे त्याने म्हटले. दंडनीय ठरतो तो असत्य वाच्यार्थ, व्यंग्यार्थ नव्हे. व्यवहारात श्रोता ज्यावर विसंबतो, तोच अर्थ येथे कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. साक्षीदारांनी शिक्षेच्या भयाने साक्ष देणेच टाळू नये, यासाठी न्यायसंस्थेने मोजलेली ही किंमत होय.