फ्लामाँव्हिलचं झाकण

माडबनचा सडा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो २०११च्या उन्हाळ्यात. त्याआधीच्या डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी दिल्लीत आले असताना जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा प्राथमिक करार झाला होता. 'ईपीआर' नावाच्या, प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या इथे यायच्या होत्या. मार्चमध्ये फुकुशिमा झालं. एप्रिलमध्ये साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक जण मेला. आम्ही सगळे भांडत होतो ते सुरक्षेवरून, मासळीवरून, आंब्यावरून. ही वस्तू आजवर कुणी पूर्ण बांधली आहे का, हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचलाच नाही.

त्याचं उत्तर होतं, 'नाही'. ज्या भट्टीच्या नमुन्यावर जैतापूर बेतायचं होतं, ती नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फ्लामाँव्हिलला अर्धवट उभी होती. डिसेंबर २००७मध्ये तिथे पहिलं काँक्रीट पडलं. २०१२मध्ये वीज मिळणार होती आणि खर्च होता ३.३ अब्ज युरो.

हा आकडा ऐकून तेव्हा कुणी हसलं नसणार. त्याच आवारात आधीच्या दोन भट्ट्या होत्या आणि त्या सहा-सहा वर्षांत ग्रिडला जोडल्या गेल्या होत्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत फ्रान्सने अणुभट्ट्या अक्षरशः रांगेने बांधल्या. एका जागेवरचे वेल्डर पुढच्या जागेवर जायचे, चुकाही तिथेच सुधारल्या जायच्या. मग गरज भागली. १९९१मध्ये सिव्हो इथल्या शेवटच्या भट्टीचं काम सुरू झालं आणि त्यानंतर सोळा वर्षं देशात एकाही नव्या भट्टीचा पाया पडला नाही. माणसं निवृत्त झाली, पुरवठादारांनी दुसरे धंदे धरले.

याची किंमत लोखंडात दिसली. ल क्रझोच्या कारखान्यात घडवलेल्या पात्राच्या झाकणात आणि बुडात कार्बन प्रमाणाबाहेर असल्याचं २०१५मध्ये जाहीर झालं, आणि तोवर पात्र जागेवर बसलंही होतं. मग वाफेच्या मुख्य नळांच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाले. त्यातले आठ सांधे होते काँक्रीटच्या दुहेरी कवचाच्या दोन भिंतींमध्ये, जिथे माणसाचा हात जेमतेम पोचतो. २०१९मध्ये अणुसुरक्षा प्राधिकरणाने ते पुन्हा करायला लावले. त्यासाठी नळांत उतरणारे यंत्रमानव बनवावे लागले. सांधे आठ, आणि वर्षं किती गेली पाहा.

त्याच वर्षी प्यूजो-सित्रोएनचे माजी प्रमुख ज्याँ-मार्तँ फोल्झ यांनी सरकारला अहवाल दिला. सुरुवातीचा अंदाज अवास्तव होता, आराखडे पुरते तयार नसताना काम सुरू झालं आणि कसब हरवलं होतं, असं त्यांनी लिहिलं. चीनमध्ये ताइशानला याच नमुन्याच्या दोन भट्ट्या फ्लामाँव्हिलनंतर सुरू होऊन २०१८ आणि २०१९मध्ये चालूही झाल्या. उशीर त्यांनाही झाला, पण तिथल्या कामगारांचे हात थांबलेले नव्हते.

उशीर नुसता उशीर राहत नाही. घर बांधायला कर्ज काढलेल्या माणसाला हे सांगायला नको: राहायला जायच्या आधीच हप्ते सुरू होतात. वीज विकली जात नाही, व्याज मात्र साचतं. फ्लामाँव्हिल २१ डिसेंबर २०२४ला ग्रिडला जोडलं गेलं, बारा वर्षं उशिरा. कंपनीच्या हिशोबात तेव्हा बांधकामाचा खर्च १३.२ अब्ज युरो होता, तोही २०१५च्या दरांनी. फ्रान्सच्या लेखापरीक्षण न्यायालयाने व्याज धरून, २०२३च्या दरांनी, सुमारे २३.७ अब्ज मांडला.

जैतापूरसाठी फ्रेंच कंपनीने एप्रिल २०२१मध्ये तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांची जमीन मात्र त्याच्या खूप आधीच गेली होती. ज्या घाईने ती घेतली, त्या घाईचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. २०११चा माझा राग वेगळा होता, आणि खरं सांगायचं तर थोडा ऐकीव होता.

आणि ते झाकण? ते २०२४ संपेपर्यंत बदलायचं, असा प्राधिकरणाचा आदेश होता. पण भट्टीच तोवर जेमतेम सुरू होणार, हे दिसल्यावर २०२३मध्ये मुदत वाढवली: पहिल्या मोठ्या तपासणीसाठी भट्टी थांबेल तेव्हा बदला. त्यामुळे नवीकोरी भट्टी चालू झाली ती जुनं, सदोष ठरलेलं झाकण लावूनच.