गुजराल, सतीश : चित्र-शिल्पाकडून वास्तुकलेकडे

(२५ डिसेंबर १९२५ – २६ मार्च २०२०). आधुनिक भारतीय चित्रकार, शिल्पकार व वास्तुकल्पक. जन्म झेलम (सध्या पाकिस्तानात) येथे. वयाच्या आठव्या वर्षी श्रवणशक्ती गमावली. कलाशिक्षण लाहोरच्या मेयो कलाशाळेत व नंतर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (१९४४–४७). वास्तुकलेचा विभाग त्या काळी याच मुंबईच्या संस्थेत होता. तो १९५८ मध्ये स्वतंत्र झाला. गुजराल यांनी मात्र वास्तुकलेची पदवी कधीच घेतली नाही.

फाळणीच्या यातना रंगविणारी चित्रे ही त्यांची आरंभीची ओळख. १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर ते मेक्सिकोस गेले. दिएगो रिव्हेरा व सिकेरॉस यांच्या सहवासात, भित्तिचित्र हे इमारतीचे अलंकरण नसून तिचेच अंग होय, ही जाणीव त्यांच्या ठायी दृढ झाली. पुढे लुधियानाचे कृषी विद्यापीठ, दिल्लीचे उच्च न्यायालय इ. ठिकाणी त्यांनी भित्तिशिल्पे रचली. चिक्कणितचित्रे व जळक्या लाकडाची शिल्पे यांतून त्यांची शैली अधिकाधिक अप्रतिरूप होत गेली. तथापि दुसऱ्याने बांधलेल्या भिंतीवर काम करण्यास मर्यादा होत्या. आकार, पोकळी व प्रकाश यांवर संपूर्ण अधिकार हवा, तर वास्तूच घडविणे क्रमप्राप्त होते.

नवी दिल्लीतील बेल्जियमचा दूतावास (१९८०–८३) हे या स्थित्यंतराचे प्रमुख फलित. उघड्या विटांच्या जाड भिंती, कमानी व घुमट यांमुळे ही वास्तू आत प्रवेश करता येणाऱ्या शिल्पासारखी भासते. पारंपरिक आकारांची ती नक्कल नव्हे. त्यांतील घनतेचा तो नवा विन्यास आहे. बेल्जियमने ‘ऑर्डर ऑफ द क्राउन’ हा किताब देऊन त्यांचा गौरव केला.

पदवीविना वास्तुरचना करण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न यातून उद्‌भवतो. १९७२ च्या वास्तुशिल्पज्ञ अधिनियमाने ‘वास्तुशिल्पज्ञ’ हे पदनाम नोंदणीकृत व्यक्तींपुरते राखीव केले. हे बंधन पदनामापुरतेच असून वास्तुरचनेच्या कामावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

गोवा विद्यापीठाच्या (स्था. १९८५) ताळगाव पठारावरील संकुलाची रचनाही गुजराल यांचीच. दूतावासात एका आश्रयदात्याच्या गरजा होत्या. येथे पठाराचा उतार, पावसाळा व विद्यार्थ्यांचा नित्य वावर यांचा विचार आवश्यक होता. शिल्प पाहिले जाते, वास्तू वापरली जाते. म्हणूनच कलावंताच्या वास्तूची खरी कसोटी अशा सार्वजनिक संकुलातच लागते. १९९९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला. नवी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.