सूर्य छतावर की माळावर?

सौरवीज घरोघरी छतांवर निर्माण करावी, की मोकळ्या जमिनीवर मोठी केंद्रे उभारून? हा वाद आजचा वाटला, तरी त्याची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत.

१८८३ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स फ्रिट्स याने सेलेनियमवर सोन्याचा अतिपातळ थर देऊन सौरघट बनवले व लवकरच ते एका छतावर मांडले. कार्यक्षमता जेमतेम १ टक्का! त्याच शहरात १८८२ पासून एडिसनचे कोळशावरील वीजकेंद्र चालू होते. त्याच्यापुढे फ्रिट्सच्या घटांचा निभाव लागला नाही.

१९१३ साली फ्रँक शूमन याने कैरोजवळ मआदी येथे मोकळ्या जागेत पाच लांबलचक अन्वस्ताकार आरसे उभारले. त्यांच्या उष्णतेने वाफ करून इंजिनाने नाईलचे पाणी शेतात चढवले. वाफेचे संयंत्र जितके लहान, तितका उष्णतेचा ऱ्हास प्रमाणाने अधिक. म्हणून ते छतावर मावणारे नव्हतेच. पहिल्या महायुद्धात हा प्रकल्प बंद पडला.

१९५४ साली बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअरसन यांनी ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉनचा सौरघट सादर केला. यात वाफ नाही की फिरते चाक नाही. घट एक असो वा लाख, कार्यक्षमता तीच. म्हणजे छत की माळ, हे आता भौतिकशास्त्र ठरवत नाही. कायदा, पैसा आणि जमीन ठरवतात.

जर्मनीने २००० सालच्या कायद्याने सौरविजेला वीस वर्षे निश्चित दर दिला आणि तेथील छते भरू लागली. भारताने २०१५ साली २०२२ पर्यंतचे लक्ष्य ठरवले : जमिनीवर ६० गिगावॅट, छतांवर ४०. छतांनी त्यातला चौथा हिस्साही गाठला नाही. राजस्थानात भडला येथे मात्र २,२४५ मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले. कारण उघड आहे. माळावर पॅनेलची दिशा नेमकी साधते, देखभाल एकत्र होते, युनिट स्वस्त पडते. छतांना मालक हजार, करारही हजार.

पण भडल्यात प्रत्येक किलोवॅटमागे सुमारे २५ चौरस मीटर जमीन गुंतली आहे. छतावर सुमारे १० पुरतात, आणि वीज तेथेच वापरली जाते. शिवाय ‘पडीक’ म्हटलेली जमीन पुष्कळदा कोणाच्या तरी गुरांचे कुरण असते. २०२४ साली एक कोटी घरांच्या छतांसाठी केंद्र सरकारने योजना सुरू केली, ती या पार्श्वभूमीवर पाहावी.

विद्यार्थ्यांकडून शाळेच्या गच्चीवरील सावली न पडणारे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मोजून घ्या. त्याला १० ने भागले की किलोवॅट मिळतील. दर किलोवॅटला दिवसाकाठी सरासरी ४ युनिटे धरा आणि उत्तर शाळेच्या वीजबिलाशी ताडून पाहा.